आतून कडी

६ जानेवारी

विद्वान बंधूस,

अभिनंदन. तुझं पुस्तक शेवटी कोणीतरी वाचलं. आमच्या नव्या पाळकसाहेबांनी. नुसतं वाचलं नाही, रविवारी ते छातीशी धरून वेदीपुढे उभे राहिले. शास्त्रपाठ मात्र मोबाइलवरून वाचला. प्रवचनात तुझं नाव तीनदा आलं. देवाचं एकदाच, तेही माइक बंद पडला तेव्हा.

काय म्हणाले ते सांगते, म्हणजे तुला हे पत्र जपून ठेवता येईल. "एका नामवंत समाजशास्त्रज्ञाने आपल्याच मंडळीचा अभ्यास करून दाखवून दिलंय, की माणसं चर्चमध्ये देवासाठी येत नाहीत, एकमेकांसाठी येतात." मग नेमाने चर्चला जाणाऱ्यांना सर्दी कमी होते असं काहीतरी. मी शेजारच्या बाईंच्या कानात म्हटलं, तारणाचं राहू दे आता, सर्दीवर भागवू. त्यांनी मला चिमटा काढला.

इथपर्यंत मी ऐकून घेतलं. दातांची डॉक्टर आहे, माणसं तोंड उघडून काय काय दाखवतात याची सवय आहे. पुढचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

वेदीच्या डाव्या हाताची छोटी खोली तुला आठवते का? एक बाक, उंचावर एक खिडकी, दाराला आतून कडी. आत कोणी असलं की कडी लागते आणि बाहेरचा माणूस दार न वाजवता परत फिरतो. कोण होतं, कशाला होतं, कोणी विचारत नाही. ती खोली पाडणार आहेत. भिंत काढून गोल टेबलं, कॉफीचं मशीन आणि वर पाटी, 'ओळखीचं दालन'.

आई गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसतात. जन्मभर लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढलं, आणि आता आपणच कडी लावून आत बसतात. तेवढ्या वेळाच्या जोरावर ते बाकीचा दिवस ढकलतात. मध्यंतरी खोलीला रंग लावला तेव्हा आठवडाभर ती बंद होती. त्या आठवड्यात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि जेवणाच्या ताटावरून अर्ध्यात उठायचे.

मी पाळकांना जाऊन भेटले. ते म्हणाले, "अहो, पण ती तर अडगळीची खोली आहे." म्हटलं, कोण म्हणतं? त्यांनी तुझं पुस्तक उघडलं. आपल्या चर्चचा नकाशा, आणि त्या खोलीवर ठसठशीत अक्षरांत 'अडगळ'.

तेव्हा विद्वान बंधू, पाळकांना चार ओळी लिही. खोलीला हात लावू नका, एवढंच. तुझं ते ऐकतील. देवाचं ऐकतील याची मला आता खात्री राहिलेली नाही.

ताई

१७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र म्हणजे भूल न देता काढलेला दात. तुझ्याकडे पेशंट येतात तरी कसे, हा अभ्यासाचा विषय आहे.

आधी गंमत बघ. मी कॉलेजात असताना चर्चला जाणं सोडलं, तेव्हा तू मला 'वाया गेलेला' म्हणालीस. मग मी त्याच चर्चवर पुस्तक लिहिलं, तेव्हा 'घरचंच विकून खातोस' म्हणालीस. आता पाळकांनी ते मनावर घेतलं तर माझ्याचकडे धाव. माझं म्हणणं खोटं असेल तर घाबरतेस कशाला, आणि खरं असेल तर भांडतेस कोणाशी?

मी पाळकांना लिहिणार नाही. पावसाचा अंदाज सांगणाऱ्याकडे कोणी छत्री शिवून मागत नाही. काय आहे ते मी सांगतो. काय असावं ते त्यांनी सांगावं, त्याचा त्यांना पगार आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षभर तुमच्याकडे येऊन, प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी एकेकाला विचारलं, तुम्ही इथे का येता? आणि तुमच्या मंडळीने आपल्या तोंडाने सांगितलं. कोणी म्हणालं, गाणी आवडतात. कोणी म्हणालं, मैत्रिणी भेटतात. तुझे ते सुतारकाका म्हणाले, बायको पाठवते. देवाचं नाव घेणारे इतके थोडे निघाले, की मुलांनाच संकोच वाटला.

आता बाबांचं. दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात तू वाचली असशील. 'निवृत्त तंत्रज्ञ, विधुर' असं लिहून खाली त्यांचं वाक्य दिलंय : 'घरी मुलीचं ऐकण्यापेक्षा इथलं ऐकलेलं बरं.' परिषदांमध्ये या वाक्याला हमखास दाद मिळते. तू त्यांना साधू करून ठेवलंयस, ताई. त्यांना तुझ्या जिभेपासून थोडी सुटका हवी असते, दुसरं काही नाही. आणि एकटं कोंडून घेणं म्हाताऱ्या माणसाला वाईट, यावर माझ्या व्यवसायात आणि तुझ्या पाळकांच्या व्यवसायात एकदाचं एकमत झालंय. गोल टेबलाशी बसतील, चार माणसांत बोलतील. बघ, तुझं ताटही संपवतील.

खोलीचं म्हणशील तर मुलांनी जे पाहिलं ते लिहिलं. दार बंद, बाहेर मोडक्या खुर्च्या. त्यांनी काय 'स्वर्ग' लिहायचं?

तुझा वाया गेलेला

२६ जानेवारी

वाया गेलेल्यास,

तू इतकी वर्षं माणसांचा अभ्यास करतोस आणि अजून एकही माणूस तुला भेटलेला दिसत नाही.

प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी विचारलं, असं तूच लिहितोस. हातात कप, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, समोर तुझा दाढीवाला विद्यार्थी रेकॉर्डर पुढे करून विचारतोय, तुम्ही इथे का येता? कोण सांगेल? नव्या सुनेला सासूसमोर विचार, नवरा आवडतो का. ती म्हणेल, घर हवेशीर आहे. मग तू पुस्तक लिही, की मुली लग्न करतात ते खिडक्यांसाठी.

आपल्या मंडळीत 'मी देवासाठी येतो' असं चारचौघांत म्हणणाऱ्याकडे लोक कसं बघतात, ते तू विसरलास. पूर्वीचे खजिनदार म्हणायचे, आठवतात? लोक त्यांच्याशी बोलताना खिशावर हात ठेवायचे. आपण दोघं रविवारच्या शाळेत आईच्याच वर्गात होतो. आई काय सांगायची? प्रार्थना दार लावून करायची, आणि कोणी विचारलं कुठे होतास, तर सांगायचं, मोजे शोधत होतो. तुझ्या प्रश्नाला सगळ्या मंडळीने 'मोजे शोधत होतो' असं उत्तर दिलं, आणि तू मोज्यांवर पुस्तक लिहिलंस.

सुतारकाकांना बायको पाठवते म्हणे. अरे, त्यांची बायको तुझ्या सर्वेक्षणाच्या आधीच वारली. तेवढं तरी तपासायचं.

बाबांच्या वाक्याला दाद मिळते हे वाचून आनंद झाला. ते वाक्य त्यांनी मी शेजारी उभी असताना, मला चिडवायला म्हटलं होतं. मीच हसले होते सगळ्यांत आधी. तुझ्या परिषदांतल्या लोकांना सांग, विनोद मूळचा आमच्या घरचा आहे.

भिंत पाडायला माणसं पुढच्या महिन्याच्या अखेरीला येतील. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. पाळकांनी बाहेरच्या मोडक्या खुर्च्या हलवल्या तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बरं झालं, दार नीट उघडेल." मी मान डोलावली. माझ्याच्याने पुढे बोलवलं नाही, आणि हे मी तुला सांगतेय यावरून ओळख किती अडलेय ते.

ताई

८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं. 'मोजे' हा शब्द आता आमच्या विभागात रूढ झालाय. खूश हो.

पण तुझं म्हणणं तुझ्यावरच उलटतं. लोक खोटं का बोलले? शेजारी काय म्हणेल म्हणून. म्हणजे देवाबद्दल काय बोलायचं आणि काय नाही, हेसुद्धा शेजारीच ठरवतो. हेच तर मी पुस्तकात म्हटलंय. खरं बोलले तरी मी बरोबर, खोटं बोलले तरी मी बरोबर.

(हे वाक्य लिहून झाल्यावर मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. 'कधीच न हरणारं मत आमच्या चर्चमध्येही असतं, त्याला आम्ही विश्वासाची कबुली म्हणतो, पण निदान ती उभं राहून म्हणतो.' म्हटलंस असं समज.)

बाबांचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. प्रश्न आहे. मग कप बशीत ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मग ते वाक्य, आणि हशा. तुझाच आवाज सगळ्यांत वर आहे. आमच्या पद्धतीत बोलणं उतरवून काढतात, हसणं उतरवत नाहीत, आणि ती मधली शांतताही नाही. पद्धत माझी नाही, सगळीकडे तशीच आहे.

सुतारकाकांच्या बायकोचं बघतो.

पुढच्या आठवड्यात मला तुमच्या शहरात व्याख्यान आहे. पाळकांना भेटेन. गैरसमज नको, तुझ्यासाठी नाही आणि खोलीसाठीही नाही. माझं पुस्तक कोणी कुदळ म्हणून वापरावं हे मला पसंत नाही, म्हणून.

आणि एक विचारतो. बाबा आत काय करतात, हे तू तरी त्यांना कधी विचारलंयस का? की तूसुद्धा बाहेरूनच अंदाज बांधलायस?

तुझा

२१ फेब्रुवारी

नामवंत समाजशास्त्रज्ञांस,

आपण येऊन गेलात हे आपल्या बहिणीला पाळकसाहेबांकडून कळलं. आपण कॉफी घेतलीत, वेदीपुढे फोटो काढून घेतलात, आणि त्यांच्या प्रतीवर सही केलीत. काय लिहिलंत तेही त्यांनी मला वाचून दाखवलं. 'समविचारी मित्रास.' बापाच्या घरापासून चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मधला रस्ता आपल्या नकाशात नसावा.

भिंत परवाच पडली. महिनाअखेर कशाला, पाळक म्हणाले, लेखकच आशीर्वाद देऊन गेलेत.

बाबा नेहमीच्या वेळी गेले आणि लगेच परत आले. हातावर सिमेंटची धूळ होती. मी विचारलं, काय झालं? "काही नाही, गर्दी होती," म्हणाले. गर्दी म्हणजे दोन गवंडी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. काल त्यांना विचारलं, तुम्ही तिथे कसली प्रार्थना करायचात? त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी त्यांच्या तोंडात पक्कड घातलेय. म्हणाले, "मी प्रार्थना करतो असं कधी म्हणालो?" आणि वर्तमानपत्र वर धरलं. झालं समाधान? मलाही माहीत नव्हतं. पण मला माहीत नव्हतं म्हणून मी नकाशावर 'अडगळ' लिहिलं नाही.

ताटावरून ते आता पुन्हा अर्ध्यात उठतात.

आपली एक उत्तरदात्री

२ मार्च

ताई,

शिव्या पोचल्या. अर्ध्या मी मान्य करतो.

काय घडलं ते ऐक. मी त्यांना सरळ सांगितलं, पुस्तकात चूक आहे. प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेला, आणि ती खोली अडगळीची नाही. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. इतक्या शांतपणे, की मला वाटलं जिंकलो. मग ते हसून म्हणाले, "प्राध्यापक, लिहून झालं की ग्रंथ लेखकाचा राहत नाही. आमच्या धंद्यात हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुम्हाला काय म्हणायचं होतं यापेक्षा मंडळीला काय मिळालं ते मोठं." आणि माझंच एक पान काढून मलाच समजावून सांगू लागले. मी दोनदा म्हटलं, मला असं म्हणायचं नव्हतं. ते म्हणाले, "नम्रता आहे तुमची."

ताई, माणूस माझ्याच पुस्तकाने मला गप्प करत होता. मी वर्गात पोरांना जे करतो तेच. शेवटी त्यांनी पेन पुढे केलं आणि मी सही केली. का केली ते विचारू नकोस. समोरचा माणूस पेन पुढे करून उभा असला की हात आपोआप जातो. यावरही कोणीतरी प्रबंध लिहिलाच असेल.

घरी आलो नाही, कारण बाबांनी विचारलं असतं, कशाला आला होतास? आणि मला 'व्याख्यानाला' असं म्हणावं लागलं असतं.

ते कसे आहेत?

तुझा

१५ मार्च

बंधू,

कसे आहेत विचारतोस. ऐक, आणि खुर्चीत नीट बस.

गेले काही दिवस आमच्या इमारतीची लिफ्ट संध्याकाळी बंद पडते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. थोड्या वेळाने आपली आपण चालू होते. पाचव्या मजल्यावरचे वकील जिन्याने चढताना मला म्हणाले, "डॉक्टर, घरात लिफ्टचा मिस्त्री असून ही दशा?" मी बाबांना म्हटलं, जरा बघा हो. "बघतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला त्यांची जुनी पाटी लटकली, 'काम चालू आहे'. वकील पाटी वाचून जिन्याकडे वळले.

मला संशय यायला नको होता का? नाही आला. मी तुला बोलते, पण मीही तुझीच बहीण. काल एका पेशंटने वेळ रद्द केली म्हणून लवकर आले. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर जाळीतून वर पाहिलं. मध्येच थांबलेली लिफ्ट, आत दिवा, आणि आपल्या बाबांचे बूट. शेजारी घडीचं स्टूल. पाना-पक्कड काही नाही. माणूस स्वतःच्या हाताने लिफ्ट अडकवून आत बसला होता.

मी हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं. मग जिना चढून घरी आले आणि कुकर लावला. ते आले, हात धुतले आणि पूर्ण जेवले.

तुझ्या 'ओळखीच्या दालना'ची खबर : मशीन बिघडलंय, आणि तिथे फक्त ओळखीचे बसतात. पाळकसाहेबांच्या लक्षात आलंय की बाबा दिसत नाहीत. ते भेटायला येणार आहेत, बाबांना 'गटात आणायला'. येत्या शनिवारी, नेमके त्याच वेळेला. लिफ्टमध्ये त्यांना पकडलं तर काय होईल सांगता येत नाही. इमारतीत बोभाटा होईल, आणि बाबांची ही जागाही जाईल. मला काही सुचत नाही. तुझ्या शास्त्रात काही असेल तर बघ.

ताई

२४ मार्च

बंधू,

शनिवारी तू न कळवता आलास, आणि माझ्याशी दोन वाक्यं धड न बोलता शेवटच्या गाडीने परतलास. बाबांच्या देखत मला विचारता येईना. म्हणून लिहिते. आधी बाहेर काय झालं ते सांगते, कारण ते तुला दिसलं नाही.

पाळक तळमजल्यावर आले. पाटी वाचून जिन्याने चढायला लागले. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत थांबले आणि वर पाहिलं. दिवा दिसला. मी मागेच होते. मला वाटलं बाबा एकटेच आत आहेत. तेवढ्यात वकील वरून आले, समोरच्या गाण्याच्या बाई दारात आल्या. बघता बघता सभा भरली.

पाळक जाळीला तोंड लावून म्हणाले, "आत कोण आहे? काय चाललंय आत?"

आत चार पाय हलले. दोनच असायला हवे होते. मी मोजायच्या आत तुझा आवाज आला, परिषदेतला, खणखणीत.

"लिफ्ट अडकलीय."

"प्राध्यापक? तुम्ही?" पाळक म्हणाले. "आणि आजोबाही आहेत का? दोघं आत काय करताय?"

"लिफ्ट अडकलीय," तू पुन्हा म्हणालास. "मिस्त्री बघतायत. तुम्ही उगाच थांबू नका, वेळ लागेल."

आणि मग बाबांचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी, ते मी लिहीत नाही. पाळक थोडा वेळ घुटमळले आणि माझ्या हातात त्यांच्या गटाचं पत्रक देऊन गेले. वकील म्हणाले, "विद्यापीठातला माणूस, पण बापाच्या हाताखाली पाना धरतोय, याला म्हणतात संस्कार." गाण्याच्या बाईंनी डोळे पुसले. आता इमारतीत सगळ्यांना माहीत आहे की त्या वेळी लिफ्टचं काम चालतं. कुरकुरतात, पण जिन्याने जातात. दार कोणी वाजवत नाही.

तुम्ही दोघं बाहेर आलात तेव्हा तुझे डोळे लाल होते. बाबा मात्र शीळ घालत होते.

आता सांग. मी माणसांच्या तोंडात बघून पोट भरते, मला फसवू नकोस. आत काय चाललं होतं? बाबा काय करतात? तू काय केलंस? प्रार्थना केलीत का? आईबद्दल बोललात का? मी कोणाला सांगणार नाही.

ताई

१ एप्रिल

प्रिय ताई,

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. सुतारकाकांचं वाक्य आणि बाबांचं वाक्य मी काढलं. दुसरं प्रकरण त्यामुळे लंगडं झालंय, प्रकाशक नाराज आहे. नकाशात ती खोली अजून आहे, पण तिच्यावर आता काही लिहिलेलं नाही. संपादकाने विचारलं, इथे शब्द राहिलाय का? म्हटलं, नाही, तसंच छाप. पाळकांना एक प्रत पाठवीन. त्यांना त्या कोऱ्या चौकोनातूनही काहीतरी पाडायला सापडेल.

बाबांना सांग, मी महिन्यातून एक शनिवार येत जाईन. माझं स्टूल वेगळं आणीन, त्यांचं डुगडुगतं.

बाकी तू जे विचारलंयस, त्याचं उत्तर मी पाळकांना दिलं तेव्हा तू मागेच उभी होतीस. लिफ्ट अडकली होती.

तुझा भाऊ